सोसायटीचं देऊळ आणि मेन्टेनन्सच्या बिलात ‘धार्मिक निधी’

मधुरा_गोरेगाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वाचनमात्रच असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय.

आमची सोसायटी गोरेगाव पूर्वेला. तीन विंग, शंभरावर फ्लॅट. बहुतेक मराठी-गुजराती, काही दाक्षिणात्य, दोन ख्रिश्चन घरं आणि एक मुस्लिम. यंदाच्या वार्षिक सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा निम्मी माणसं बटाटेवड्याकडे निघाली होती. त्यात ठराव आला, की मागच्या मोकळ्या जागेत, जिथे पोरं क्रिकेट खेळतात तिथे, एक छोटं देऊळ बांधायचं. हात वर, टाळ्या, मंजूर. पुढच्या बिलात नवी ओळ अवतरली: ‘धार्मिक निधी’. रक्कम फार नाही, घरातल्या चौघांनी एकदा पावभाजी खाल्ली तर तेवढी होते.

मी देवाधर्माचं करते. माझ्याकडे गौरी येतात, सोवळ्यातला स्वयंपाकही होतो. तेव्हा मला नास्तिक वगैरे म्हणायला येऊ नका. पण खालच्या मजल्यावरच्या मुस्लिम काकूंनी ते पैसे गुपचूप भरले आणि लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, “जाने दो ना बेटा, इतने के लिए कौन बोलेगा.” आणि आमच्याच विंगमधले एक आजोबा, जन्माने हिंदू, विचाराने पक्के निरीश्वरवादी, त्यांनी भरले नाहीत, तर त्यांचं नाव थकबाकीदार म्हणून नोटीस बोर्डावर झळकलं. पाणीपट्टी, लिफ्ट, सगळं वेळेवर भरणारा माणूस!

राज्यघटनेच्या कलम २७ प्रमाणे कोणालाही एखाद्या धर्मासाठी कर द्यायची सक्ती करता येत नाही ना? ते इथे लागू होतं का? आणि कायदा बाजूला ठेवला तरी, शेजारधर्म न मोडता हे बोलायचं कसं?

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे. हा धागा शंभरी गाठणार.

बंड्या_लालबाग

ताई, राग मानू नका, पण शंभर घरांत पाच जणांना नको म्हणून पंच्याण्णव जणांनी देव ठेवायचा नाही का? ठराव झाला, बहुमत मिळालं, संपलं. आणि मुंबई वर्गणीवरच उभी आहे हो. आमच्याकडे १९३४ पासून राजा बसतो. गिरण्या चालू होत्या तेव्हाही बसला, संपात चुली विझल्या तेव्हाही बसला. माझ्या वडिलांच्या खात्यातले मुसलमान जॉबर (मुकादम) स्वतः येऊन पावती फाडून घ्यायचे आणि मोहरमचं सरबत आम्ही प्यायचो. तेव्हा कोणी कलम २७ काढलं नाही. दर गोष्टीत कोर्ट आणलं की शेजारी उरत नाहीत, वादी आणि प्रतिवादी उरतात.

अॅडव्होकेट_कुंदा

मधुराताई, आधी कडू बातमी. कलम २७ करांबद्दल आहे, आणि कर लावतं सरकार. सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणजे सरकार नव्हे. मूलभूत हक्कांची बरीचशी कलमं सरकारच्या विरुद्ध चालतात, सेक्रेटरीच्या विरुद्ध नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात तर ‘सभासद फक्त पारशीच’ हा उपविधीही (म्हणजे संस्थेचा नियम) वैध ठरवला होता. त्यामुळे “घटनेचा भंग” असं पत्र लिहिलंत तर तुमचे सेक्रेटरी ते व्हॉट्सअॅपवर टाकून हसतील.

आता गोड. तुमची खरी हत्यारं साधी आहेत: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि तुमचे उपविधी. मेन्टेनन्समध्ये काय काय आकारता येतं त्याची यादी उपविधींत असते: पालिकेचे कर, पाणी, लिफ्ट, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड वगैरे. शेवटी ‘इतर आकार’ असं एक शेपूट असतं आणि सगळे सेक्रेटरी त्याच शेपटाला लोंबकळतात. पण ते ‘इतर’सुद्धा संस्थेच्या उद्देशांच्या आतलं हवं. तुमच्या संस्थेच्या उद्देशांत देऊळ बांधणं आहे का ते उघडून बघा. अजेंड्यावर नसलेला खर्चाचा विषय आयत्या वेळी घुसवणं, हा वेगळा मुद्दा. मोकळ्या राखीव जागेत पालिकेच्या परवानगीशिवाय बांधकाम, हा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात जड.

दाद मागायची तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे, आणि वाद पेटलाच तर त्याच अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात.

बंड्याभाऊ, तुमच्या वडिलांच्या जॉबरनी पावती स्वतः फाडली. ती पगारातून कापून घेतली असती तर?

बोंबील_फ्राय

शेपटाला लोंबकळतात :)) कुंदाताई, कोर्टात पण असंच बोलता का?

बंड्या_लालबाग

@कुंदाताई, पगारातून कापली नाही हे मान्य. पण म्हणून देऊळच नको हे कुठलं?

माहीम_कोकणी

मी इथे अधूनमधून कवितांच्या धाग्यांवर लिहितो. आज जरा वेगळं.

मी मूळ रत्नागिरीकडचा, घरात कोकणी-मराठी, आडनाव ऐकलं की लोक म्हणतात “अरे वा, तुमचं मराठी किती चांगलं!” (ह्या वाक्यावर स्वतंत्र धागा निघेल.) गणपतीची वर्गणी मी आनंदाने देतो. आमच्या गल्लीच्या मंडळात लहानपणी आरतीला झांज वाजवलीय. प्रश्न पैशांचा नाहीच. मधुराताईंच्या त्या काकूंना मी ओळखत नाही, पण त्यांचं वाक्य मला पाठ आहे. आमच्या घरात ते रोजच्या वापरातलं आहे.

त्याचं कारण सांगतो. लग्नानंतर आम्ही घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिट, पार्किंग, अगदी चावी कधी ते. मग नाव सांगितलं की “मालक गावाला गेलेत.” मुंबईत इतके मालक एकाच वेळी गावाला जातात हे मला तेव्हाच कळलं. तर अशा शहरात एकदाचं घर मिळालं की माणूस नोटीस बोर्डावर नाव येऊ नये म्हणून काहीही भरतो. बहुमत विरुद्ध अल्पमत असा हा हिशोब मी करत नाही. ‘नको’ म्हणायला प्रत्येकाला सारखाच खर्च येतो का, एवढंच मी बघतो. आजोबांचं नाव बोर्डावर आलं, चार दिवस चर्चा झाली, आजोबा हसले असतील. काकूंचं नाव आलं असतं तर?

मधुरा_गोरेगाव

@माहीम_कोकणी, आजोबा खरंच हसले. त्या कागदाचा फोटो काढून नातवाला पाठवला.

सायलेंट_झोन

देवळाचं जाऊ दे, स्पीकर लावणार आहेत का ते विचारा. ९० टक्के भांडणं तिथून सुरू होतात.

मी दादरला शिवाजी पार्काजवळ राहतो. २०१० मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने पार्क शांतता क्षेत्र झालं. त्याआधी सभा, संगीत रजनी, क्रिकेटची समालोचनं, सगळं आमच्या दिवाणखान्यात व्हायचं. आता ठरावीक दिवस सोडले तर बरं असतं. ‘बरं’ म्हणालो, शांत नाही.

नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ५५ म्हणजे किती, तर दोन माणसं घरात बोलत बसली की साधारण तिथपर्यंत जातं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘आवाज फाउंडेशन’च्या सुमैरा अब्दुलाली आवाज मोजायचा मीटर घेऊन उभ्या राहतात तेव्हा आकडा शंभराच्या पुढे जातो, हे दरवर्षी पेपरात येतं. मग दरवर्षी सगळे हळहळतात, आणि दरवर्षी डीजेवाला आणखी मोठी भिंत आणतो.

बंड्या_लालबाग

वाटच बघत होतो. मिरवणुकीचा शंभरचा आकडा बरोबर पाठ असतो सगळ्यांना. पहाटेच्या भोंग्यांचा आकडा कोणी मोजला? वर्षाला दहा दिवस आणि रोज पाच वेळा, हिशोब करा की. २०२२ मध्ये राज ठाकरेंनी विषय काढला तेव्हा हेच लोक त्यांना शिव्या घालत होते.

सायलेंट_झोन

मी दोन्ही मोजतो आणि दोन्हींची तक्रार करतो. म्हणून दोन्हीकडून शिव्या खातो.

अॅडव्होकेट_कुंदा

बंड्याभाऊ, मोजलाय, आणि हायकोर्टात पोचलाय. क्रमाने सांगते, कारण ह्या विषयात लोक अर्धाच निकाल उचलतात.

२००० साली सुप्रीम कोर्टापुढे चेन्नईतल्या एका चर्चचं प्रकरण होतं. शेजाऱ्यांची तक्रार होती ढोल आणि ध्वनिवर्धकाची. कोर्टाने सांगितलं, दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर निकाल दिला. ती याचिका मुख्यतः उत्सवांच्या मंडपांवर आणि आवाजावर होती. त्यात न्या. अभय ओक यांनी स्पष्ट केलं, की ध्वनिवर्धक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांनी मशिदी-मदरशांच्या भोंग्यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा त्याच तत्त्वावर त्यांच्या बाजूने निकाल लागला. चर्च, मंडप, मशीद. तत्त्व एकच.

२०२५च्या निकालातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र डेसिबलची नाही. कोर्टाने पोलिसांना सांगितलं, तक्रारदाराची ओळख पडताळत बसू नका आणि ती उघड करू नका. आधी समज द्या, मग दंड, मग यंत्रणा जप्त. तक्रार करणाऱ्याचं नाव चौकीतून मंडळाच्या अध्यक्षाकडे किंवा ट्रस्टींकडे किती वेळात पोचतं हे ज्याने अनुभवलंय त्याला कळेल कोर्ट कशाबद्दल बोलत होतं. माहीमकरांनी वर विचारलेला प्रश्नच आहे तो.

सायलेंट_झोन

वेळ सांगू? मी चौकीतून घरी चालत आलो, तोवर खाली चार पोरं बाइकवर बसून होती. “काका, काही त्रास आहे का तुम्हाला?” एवढंच विचारलं. अत्यंत नम्रपणे.

माहीम_कोकणी

भोंग्यांबद्दल आमच्याकडूनही एक. आमच्या भागात एकापेक्षा जास्त मशिदी आहेत आणि अजान एकमेकींच्या मागेपुढे होते. माझी आई हृदयरुग्ण, पाच वेळची नमाजी. तिचं म्हणणं, “मला वेळ मोबाइलवर कळतो, आवाज हळू करा.” तिने हे मशिदीच्या कमिटीतल्या एकांना सांगितलं, तर उत्तर आलं, “आत्ता आवाज कमी केला तर लोक म्हणतील आपण घाबरलो.” म्हणजे तिथे आता प्रार्थनेचा प्रश्नच राहिला नव्हता. हे बाहेरून कोणी धमकावलं की हमखास होतं. आतून जे लोक बोलत असतात त्यांचं तोंड पहिलं बंद होतं.

हाजी अलीचंही तेच पाहिलं. मजारीपर्यंत बायकांना जाऊ न देणं हे पुरातन वगैरे नव्हतं. माझी आजी जायची. २०११-१२ च्या सुमारास बंदी आली. त्याविरुद्ध कोर्टात गेल्या त्या मुस्लिम बायकाच, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या. ऑगस्ट २०१६ मध्ये हायकोर्टाने बंदी घटनाबाह्य ठरवली, ऑक्टोबरमध्ये ट्रस्टने सुप्रीम कोर्टात मान्य केलं की प्रवेश देऊ.

मधुरा_गोरेगाव

आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूर! १९५६ चा राज्याचा कायदा तेव्हा सरकारला पुन्हा आठवला, की देवळात हिंदूंना प्रवेश नाकारता येत नाही, मग बायकांना कसा नाकारता?

नवीन_आयडी_४४

हा आयडी आजच काढलाय. कारण पुढे येईलच.

मी दाऊदी बोहरा कुटुंबातली. आमच्याकडे कोणी सक्तीची वर्गणी मागितली तर नोटीस बोर्ड लागत नाही. बहिष्कार लागतो. माझ्या आत्याने नवऱ्याच्या सुधारणावादी मित्रांशी संबंध तोडायला नकार दिला. तिच्या मुलीच्या लग्नाला सख्खे भाऊ आले नाहीत. दफनाची जागा मिळेल का, ह्या चिंतेत तिची शेवटची वर्षं गेली. इथे सगळे कोर्टाचे निकाल इतक्या सहज सांगतायत, म्हणून एक विचारते. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. तो सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये रद्द केला, कारण बहिष्कृत करणं हा धर्मगुरूंच्या धार्मिक व्यवस्थापनाचा भाग म्हणे. म्हणजे समाजाला स्वातंत्र्य मिळालं आणि माझ्या आत्याला नाही. ते कोणत्या कलमात बसवायचं, वकीलताई?

अॅडव्होकेट_कुंदा

बसत नाही, हेच प्रामाणिक उत्तर. कलम २५ व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य देतं, २६ धार्मिक संप्रदायाला आपला कारभार चालवण्याचं. दोन्ही एकमेकांसमोर उभी राहिली की काय करायचं, ह्यावर आमचे लोक पन्नास वर्षं भांडतायत. १९६२ चा निकाल एकमताचा नव्हता. सरन्यायाधीश सिन्हा विरोधात होते, त्यांचं म्हणणं तुमच्या आत्यांच्या बाजूचं होतं. तो निकाल फेरविचारासाठी आता नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला आहे.

दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. असा स्वतंत्र कायदा करणारं आपण पहिलं राज्य, २०१७ पासून तो लागू आहे. तो मुख्यतः जातपंचायती आणि कोकणातल्या गावकीच्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांमुळे झाला, पण ‘समाज’ ह्याची व्याख्या रुंद आहे. वाचून ठेवा. आणि आयडी बदललात ते बरं केलंत.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. आयडी_४४, लिहीत राहा.

नानाकाका_पार्ले

बहुमताचा मुद्दा वर आला म्हणून. आमच्या पार्ल्यात १९८७ ची विधानसभा पोटनिवडणूक मी जवळून पाहिली आहे. डॉ. रमेश प्रभू उभे होते, बाळासाहेबांच्या सभा झाल्या. धर्माच्या नावावर मत मागितलं म्हणून हायकोर्टाने निवडणूक रद्द केली, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं, आणि पुढे बाळासाहेबांचा मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. त्या निकालाच्या दिवशीच कोर्टाच्या दुसऱ्या एका वाक्यावरून अख्खा देश भांडू लागला, की हिंदुत्व ही जीवनपद्धती. पार्ल्यातल्या कट्ट्यावर निम्मे म्हणत आपण जिंकलो, निम्मे म्हणत हरलो. दोघेही एकाच निकालाचं कात्रण घेऊन फिरत होते.

आणि बंड्या, तुझ्या वडिलांच्या वेळची मुंबई मीही पाहिली. सरबतं मीही प्यालो. ती ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलीत कामाला आली काही ठिकाणी, सगळीकडे नाही. त्यानंतर ज्यूलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, पोलीस आयुक्त सतीश साहनी ह्यांना मोहल्ला समित्या मुद्दाम उभ्या कराव्या लागल्या. आपोआप होत असतं तर कशाला कराव्या लागल्या असत्या?

बंड्या_लालबाग

नाना, तुमच्यापुढे मी बोलत नाही. पण समित्या पण माणसांनीच चालवल्या ना, वकिलांनी नाही.

नानाकाका_पार्ले

पोलिसांनीही चालवल्या, बाळा.

बोंबील_फ्राय

वातावरण जड झालंय, म्हणून माझ्या जातभाईंची गोष्ट. २०१५ ला जैनांच्या पर्युषणात मुंबईत मांसविक्री बंदी आली होती, आठवतंय? मटणवाले हायकोर्टात गेले. कोर्टाने विचारलं, मटण बंद आणि मासे चालू, हे कसं? त्यावर युक्तिवाद झाला होता, की मासा पाण्याबाहेर काढला की आपोआप मरतो, कत्तल होत नाही! माझ्या आयुष्यात कोर्टाने बोंबलाला दिलेला हा एकमेव सन्मान. शेवटी १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीला मुंबईपुरती स्थगिती मिळाली.

अॅडव्होकेट_कुंदा

ह्याची दुसरी बाजूही सांगून टाका. अहमदाबादेतली पर्युषणाच्या नऊ दिवसांची कत्तलखाना-बंदी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली होती, थोड्या दिवसांचं वाजवी बंधन म्हणून. आणि २०१६ चा गोमांसाचा निकाल बघा. हायकोर्टाने गोवंशहत्याबंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस नुसतं जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कारण खासगीपणा. सरकार कत्तलखान्यात येऊ शकतं, तुमच्या फ्रिजमध्ये नाही.

गिरगाव_चौपाटी

मग कबुतरांना दाणे घालायचा कबुतरखाना? २०२५ मध्ये दादरला पालिकेने ताडपत्री घातली, जमावाने ती फाडली. जैन बांधव म्हणतात जीवदया हा आमचा धर्म. माझ्या बाबांना फुप्फुसाचा आजार आहे, आम्ही जवळच राहतो. दोन्ही बाजूंना मी काय सांगू?

सायलेंट_झोन

कलम २५ ची सुरुवातच वाचा. धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन. आरोग्य हा शब्द तिथे आधीपासून बसलाय. हायकोर्टानेही लोकांच्या आरोग्याचीच बाजू धरली. पण एक म्हणेन. दाणे टाकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मोबाइल रोखून शिव्या देणारे व्हिडिओ मी पाहिले. नियम पालिकेने पाळून घ्यावा. गल्लीतल्या पोरांना तो अधिकार कोणी दिला?

संपादक

विषयाशी संबंधित लिहावे. एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे, ज्यांचा आहे त्यांना कारण माहीत आहे. जातधर्मावरून टोमणे नकोत.

मास्तर_मुलुंड

मी अनुदानित शाळेत शिकवतो. सगळे देवळात अडकलेत म्हणून शाळेकडे नेतो.

आमच्याकडे परिपाठाला एक प्रार्थना होते, तीत देवीचं नाव आहे. एका वर्षी एका मुलीच्या वडिलांनी चिठ्ठी दिली, ती उभी राहील, शांत राहील, पण म्हणणार नाही. शिक्षक-खोलीत वादळ. “आज प्रार्थना, उद्या राष्ट्रगीत!” मी कलम २८ (३) दाखवलं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, संमती लागते, मूल अज्ञान असेल तर पालकांची. राष्ट्रगीताचाही निकाल आहे, १९८६ चा, केरळमधल्या तीन मुलांचा. ती आदराने उभी राहत, पण गात नसत. सुप्रीम कोर्टाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. आणि शिक्षकांचं म्हणाल, तर नाशिकमधल्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ मध्ये हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

मुख्याध्यापकबाई शहाण्या निघाल्या. मुलगी उभी राहू लागली. आठवड्याभरात कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. वर्गातल्या पोरांना तर कधी प्रश्नच पडला नव्हता, पडला होता तो आम्हा मोठ्यांना.

हेच चेंबूरच्या कॉलेजात २०२४ मध्ये जमलं नाही. हिजाबबंदीविरुद्ध मुली हायकोर्टात हरल्या, मग सुप्रीम कोर्टाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली आणि विचारलं, उद्या टिकली-टिळ्यावरही बंदी घालणार का?

झेलम

मास्तर, +१. आमच्याकडे याहून सोपी कथा. माझ्या भावाला फॉर्ममध्ये धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहायचं होतं, खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, “असं नसतं.”

अॅडव्होकेट_कुंदा

असतं. २०१४ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल. सरकारी मुद्रणालयाने राजपत्रात ‘धर्म नाही’ छापायला नकार दिला होता. कोर्टाने सांगितलं, कुठलाही धर्म मानत नाही असं म्हणण्याचा हक्क कलम २५ मध्येच आहे आणि सरकार कोणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. गंमत म्हणजे याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. येशूला मानणारे होते, फक्त संघटित धर्म मानत नव्हते.

बंड्या_लालबाग

कुंदाताई, एक सरळ विचारतो. मी सोसायटीच्या गेटवर मीटर लावून फोटो टाकला तर माझ्यावर ‘भावना दुखावल्या’ म्हणून केस होईल का? कारण आमच्या ग्रुपवर एकाला तशी धमकी आलीय. (होय, आमच्याच मंडळाच्या आवाजाचा फोटो होता. माझ्या पुतण्याचा.)

सायलेंट_झोन

पुतण्याला माझा नमस्कार सांगा.

अॅडव्होकेट_कुंदा

केस कोणीही करू शकतं, टिकणं वेगळं. भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९५अ, १९२७ सालचं. आता भारतीय न्याय संहितेत २९९. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने धर्माचा अपमान करणं लागतं. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवलं तेही एवढ्याच गाळणीवर. मीटरचा आकडा हा अपमान नव्हे. पण पुतण्याला सांगा, फोटोखाली शेरे लिहू नको. आकडा, ठिकाण, वेळ. बाकी काही नाही. खटला टिकला नाही तरी चौकीत घालवलेली रात्र परत मिळत नाही.

मधुरा_गोरेगाव

मंडळी, धागा कुठच्या कुठे गेला, पण सगळं वाचलं. इकडे काय झालं ते सांगते.

कुंदाताईंनी सांगितल्याप्रमाणे घटना वगैरे लिहिलं नाही. उपविधींची प्रत मागितली. मग साध्या मराठीत पत्र: हा आकार कुठल्या उपविधीखाली आहे, आणि मोकळ्या जागेतल्या बांधकामाला पालिकेची परवानगी आहे का. सही माझी आणि आजोबांची. ख्रिश्चन काकांकडे सहीला गेले तर म्हणाले, “माझी सही नको, पण पत्र चांगलं आहे.” मुस्लिम काकूंकडे गेलेच नाही, माहीमकरांचं वाचल्यावर.

सेक्रेटरी आधी उखडले. “तुम्ही गौरी बसवता आणि देवळाला विरोध?” मी म्हटलं, गौरी माझ्या पैशांनी बसतात. मग विशेष सभा लागली. तिथे एक गुजराती भाभी उभ्या राहिल्या, देऊळ हवं म्हणणाऱ्यांतल्याच, आणि म्हणाल्या, जबरदस्तीच्या पैशातून देऊळ बांधलं तर मला तिथे हात जोडवणार नाहीत. सभा खरं तर तिथेच फिरली, माझ्या पत्राने नाही.

ठरलं ते असं: बिलातली ओळ काढायची. ज्याला द्यायचं त्याने वेगळं द्यावं, सोसायटीच्या खात्याबाहेर, देणाऱ्यांची यादी कुठेही लावायची नाही. आजोबांचं नाव बोर्डावरून उतरलं. भरलेले पैसे पुढच्या बिलात वळते करणार. परवानगीचं काहीच नाही, त्यामुळे बांधकाम तूर्त थांबलंय, पण चार लोक वास्तुविशारदाकडे जाऊन आलेत, तेव्हा ते संपलं असं मी म्हणणार नाही. आणि तीन घरं माझ्याशी बोलत नाहीत. त्यातलं एक समोरचंच आहे.

बंड्या_लालबाग

यादी न लावणं हे मला पटत नाही. देणगी देणाऱ्याचं नाव लागायलाच हवं, आमच्याकडे फलक असतो. पण बिलातून काढलं ते बरोबर. वर्गणी मागायला दारात जावं लागतं, त्यात नकार ऐकायची तयारी हवी. बिलात टाकणं म्हणजे कार्यकर्त्यांचा आळस.

माहीम_कोकणी

बंड्या, फलकावर कोणाचं नाव नाही हेही लोक वाचतात रे.

बंड्या_लालबाग

हं. विचार करतो.

ठाकुर्ली_फास्ट

उशिरा आलो. आमच्याकडे उलट आहे. कमिटीने ‘एकसारखं दिसावं’ म्हणून पॅसेजमध्ये दाराबाहेर काहीही लावायला बंदी केलीय. तोरण नाही, क्रॉस नाही, ७८६ चं स्टिकर नाही, रांगोळीसुद्धा दारासमोर नको. दंड लावतात. सगळ्यांना सारखा नियम, म्हणजे हे सेक्युलर झालं का?

अॅडव्होकेट_कुंदा

सारखा नियम म्हणून वाजवी नियम होत नाही. पॅसेज सामाईक, तिथे जिन्याची वाट अडवणारं काही नको, एवढं कमिटी म्हणू शकते. दाराची चौकट आणि तिच्यावरचं तोरण कोणाची वाट अडवतं? नोटीस कुठल्या उपविधीखाली आहे, दंडाला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे का, ते बघा. नोटिशीचा मजकूर घेऊन वेगळा धागा काढा, इथे आता स्क्रोल करून बोट दुखतंय.